पाऊस नाही, ओल मोजा

महोदय, कोरड्या प्रदेशातल्या वनस्पतींवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला, छानच आहे, पण त्यात सगळा हिशोब पावसाच्या मिलिमीटरवर मांडलाय आणि तिथंच माझी हरकत आहे. झाड पावसावर नाही, मुळाशी टिकलेल्या ओलीवर जगतं. एकाच सरीनंतर दोन जमिनी उकरून बघा, चिकणमातीत पाणी वरच्यावरच अडकतं आणि दोन-चार दिवसांच्या उन्हात उडून जातं, वाळूत मात्र ते खाली झिरपतं, वरून ठणठणीत कोरडं दिसलं तरी हातभर खाली गारवा लागतो. एरवी आपण भारी, म्हणजे चिकणमातीची जमीन चांगली म्हणतो, पण वाळवंटी भागात नेमकं उलटं होऊ शकतं, हे परिसंस्थांचे अभ्यासक नॉय-मीर यांनी १९७३ मध्येच मांडलंय. त्यात परत गवताची मुळं बहुतेक उथळ, झुडपं खालच्या थरातलं पाणी पितात (मेस्किट या काटेरी झुडपाचं मूळ तर ५० मीटरच्याही खाली सापडलंय!).

लेखात उपग्रहाच्या नकाशांचं कौतुक आहे, ठीक आहे, पण नासाचा २०१५ मध्ये सोडलेला स्मॅप हा उपग्रह साधारण वरच्या ५ सेंटिमीटरचीच ओल मोजतो, मग झुडपांचं काय? वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर पुरून वर्षानुवर्षं नोंदी ठेवणं कंटाळवाणं काम आहे, त्याचे फोटोही काही भारी येत नाहीत, पण कुठं काय उगवतं आणि का, हे त्यातनंच कळतं. पुढचा लेख त्यावर येऊ द्या.

– एक नियमित वाचक