शस्त्रक्रियांचा आकडा मोजता, बुबुळही बघा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी. मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया झाल्या, हे दर महिन्याला वर कळवलं जातं. त्या डोळ्यांची बुबुळं (डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) पुढे स्वच्छ राहिली का, हे कुणी विचारत नाही.

बुबुळाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो. तो सतत पाणी उपसत राहतो, म्हणून बुबुळ पारदर्शक राहतं. मोठ्या माणसात चौरस मिलिमीटरला साधारण २५०० पेशी. मेल्या की नव्या येत नाहीत. संख्या ५००च्या आसपास घसरली की बुबुळ सुजतं, पांढरं पडतं. मग नेत्रदानाच्या बुबुळासाठी वाट बघत बसायचं.

खेड्यातली म्हातारी माणसं ‘पिकू दे अजून’ म्हणत थांबतात. येतात तेव्हा मोतीबिंदू तपकिरी आणि दगडासारखा कडक झालेला असतो. फेकोने, म्हणजे अल्ट्रासाऊंडच्या सुईने, फोडायचा तर या पेशींवर अल्ट्रासाऊंडचा मारा वाढतो, बिनटाक्याच्या पद्धतीने अख्खा काढायचा तर तो बुबुळाला आतून घासतो. दोन्हीकडे आडोसा एकच, मध्ये भरलेलं घट्टसर जेल, ज्याला आम्ही ‘व्हिस्को’ म्हणतो. काटकसर नेमकी तिथेच होते. डॉक्टर ‘अजून व्हिस्को’ म्हणतात आणि सिस्टर दट्ट्या तळाला टेकलेली सिरिंज दाखवते, हे मी पाहिलंय. सोप्या केसला एचपीएमसी हे साधं जेल पुरतं. पण कडक मोतीबिंदूला किंवा आधीच कमजोर बुबुळाला हायल्युरोनेट-काँड्रॉइटिनचं मिश्र जेल लागतं, आणि ते स्टोअरमध्ये नसतं. सर्वांत कमी दराच्या निविदेत ते बसणार तरी कसं?

२०१५-१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वाचं ७.२ टक्के कारण मोतीबिंदू शस्त्रक्रियेतली गुंतागुंत निघालं. ही सगळी प्रकरणं बुबुळाची नव्हेत, मान्य. पण बुबुळाची बरीचशी टाळता येतात.

कमजोर बुबुळ आधी ओळखायला स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं तपासणीचं यंत्र) दोन मिनिटं पुरतात. शिबिराच्या गर्दीत तीच मिळत नाहीत. जिल्हा रुग्णालयात पेशी मोजणारा स्पेक्युलर मायक्रोस्कोप द्या. कॅन्युला (डोळ्यात द्रव सोडायची बारीक नळी) नीट धुतली गेली नाही तर साबणाचा अंश आत जाऊन तोच थर जाळतो, तेव्हा एकदाच वापरायच्या कॅन्युला पुरवा. जेलची दुसरी सिरिंज मागितली म्हणून डॉक्टरांकडून खुलासा मागवू नका.

आणि मासिक अहवालात एक रकाना वाढवा : सहाव्या आठवड्याला बुबुळ स्वच्छ की सुजलेलं. तो भरल्याशिवाय कुठल्याही केंद्राचं बिल काढू नये.

आपला,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी