आवृत्तीचा आकडा जुना, म्हणून पॅकेज बेवारस नव्हे

महोदय,

सर्व्हरच्या सुरक्षा-तपासणीच्या अहवालात एक शेरा हमखास असतो : अमुक सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी आहे, ती ताबडतोब बदलावी. एका लिनक्स डिस्ट्रोमधील (लिनक्स व त्यावरचे सॉफ्टवेअर एकत्र करून देणाऱ्या वितरणातील) काही सर्व्हर-पॅकेजेसची, म्हणजे बसवण्यासाठी तयार बांधलेल्या सॉफ्टवेअरची, देखभाल मी करतो आणि या शेऱ्याला उत्तर देण्यात माझा बराच वेळ जातो, म्हणून हे पत्र.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन-लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही आवृत्ती काढली. डेबियन या डिस्ट्रोच्या स्थिर शाखेत मात्र आकडा १.०.१ई असाच राहिला. कारण तेथील सुरक्षा-चमूने दुरुस्तीपुरता पॅच (कोडमधील नेमका बदल) जुन्या कोडवर बसवला आणि पॅकेजच्या पुनरावृत्तीचा शेवटचा अंक तेवढा वाढवला. केवळ आकडा पाहणाऱ्याला हे यंत्र असुरक्षित वाटले असते, प्रत्यक्षात ते दुरुस्त झालेले होते. पाठोपाठ आलेल्या सुधारणेत कोणत्या सेवा पुन्हा सुरू कराव्यात हे सुचवण्याची सोय केली गेली, कारण डिस्कवरील लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेली सेवा मेमरीतील जुनीच प्रत वापरत राहते.

पॅकेज बांधण्यापेक्षा सेवा चालती ठेवणे अवघड, हे निक्सओएससारख्या डिस्ट्रोत अधिक जाणवते. तेथे प्रत्येक सेवेसाठी एक मॉड्यूल असते. वापरकर्त्याने पर्याय लिहायचे आणि मॉड्यूलने त्यातून कॉन्फिग फाइल व सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा) हिच्यासाठीचे युनिट तयार करायचे. पोस्टग्रेस्क्यूएल (पोस्टग्रेस) या डेटाबेसची मोठी आवृत्ती बदलली की नवा सर्व्हर जुनी डेटा डिरेक्टरी उघडायला साफ नकार देतो, म्हणून पोस्टग्रेसची कोणती आवृत्ती गृहीत धरायची हे तेथे ‘स्टेटव्हर्जन’ (प्रणाली प्रथम बसवली तेव्हाची आवृत्ती) या नोंदीवरून ठरते आणि बाकीची प्रणाली पुढे गेली तरी डेटाबेस जागचा हलत नाही. हा हलगर्जीपणा नसून डेटाचे स्थलांतर माणसाने, बॅकअप घेऊन, स्वतःच्या सवडीने करावे म्हणून मुद्दाम ठेवलेली अडवणूक आहे. एखाद्या पर्यायाचे नाव बदलले तर जुने नाव इशारा देत काही काळ चालू ठेवावे लागते. मॉड्यूलच्या चाचणीत आभासी यंत्र सुरू करून सेवा खरोखर उत्तर देते का, हेही पाहावे लागते. (ही चाचणी लिहायला कधीकधी मॉड्यूलपेक्षा जास्त वेळ लागतो!)

आमच्या हातून चुका होत नाहीत, असा दावा मी करणार नाही. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून, तपासणी-साधनाचे इशारे थांबावेत म्हणून, यादृच्छिकता पुरवणाऱ्या काही ओळी वगळल्या गेल्या. त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या व लांबीच्या एन्क्रिप्शन-किल्लीसाठी जेमतेम ३२ हजारांच्या आसपास शक्यता उरल्या आणि ही गोष्ट मे २००८ पर्यंत उजेडात आली नाही. २०२४ मधील एक्सझेड या फाइल-संक्षेपण साधनातील छुप्या दरवाजालाही (बॅकडोअर) ओपनएसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या सेवेपर्यंत वाट मिळाली, ती काही डिस्ट्रोंनी सिस्टमडीला सूचना देण्यासाठी लावलेल्या पॅचमुळे. म्हणूनच डिस्ट्रोने आपले पॅच कमीत कमी ठेवावेत आणि उरलेले मूळ प्रकल्पाकडे पाठवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अहवाल लिहिणाऱ्यांनी आवृत्तीच्या आकड्यावर न थांबता पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) डिस्ट्रोच्या सुरक्षा-सूचनेशी ताडून पाहावा आणि त्या शाखेचा आधार (सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याचा काळ) कधी संपतो ती तारीख नोंदवावी. निक्सओएसच्या शाखेला साधारण सात महिने आधार मिळतो, तर डेबियनच्या शाखेला दीर्घकालीन आधारासह पाच वर्षे. ती तारीख उलटून गेली असेल, किंवा मॉड्यूलला मेंटेनरच उरला नसेल, तर मात्र ‘जुने आहे, बदला’ हा शेरा मला पूर्ण मान्य आहे.

आपला,
एक पॅकेज-मेंटेनर