आमच्या गिझरवाल्या दादांस: आधी मेगर, मग पाना

रत्नागिरी

स.न.वि.वि.

दादा, सोसायटीतल्या गिझरांचं काम झालं, बिलही चुकतं झालं. आभार तेवढे राहिले होते. ते जाहीर मानतोय, कारण तुम्ही जे करून दाखवलंत ते मिऱ्यापासून भाट्यापर्यंत, किंबहुना अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल. नाव लिहीत नाही. "नाव छापलंत तर मोबाईल बंद ठेवायला लागेल," ही तुमचीच अट.

पहिले आभार मेगरचे, म्हणजे वीज बाहेर झिरपते का ते मोजणाऱ्या मीटरचे. गिझर सुरू केला की आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर झिरपला की वीज तोडणारा स्विच, उडतो, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी तक्रार, आणि तिच्यावर सगळीकडे मिळणारं उत्तर एकच: "कॉईल गेली, नाहीतर नवीनच घ्या." तुम्ही झाकणाला हात लावण्याआधी मोजायला बसलात. २ किलोवॅटच्या कॉईलचा रोध साधारण २६ ओहम, ३ किलोवॅटच्या इन्स्टंटचा साडेसतरा. मीटरने २६ दाखवले तर तार शाबूत आहे. काहीच दाखवलं नाही तर तुटली. पण तार शाबूत असूनही करंट बाहेर झिरपू शकतो, आणि ते साध्या मल्टिमीटरला बरेचदा दिसत नाही, कारण तो मोजतो बॅटरीच्या जेमतेम काही व्होल्टवर. मेगर ५०० व्होल्ट देतो. कॉईलच्या टोकापासून बाहेरच्या नळीपर्यंतचा रोध १ मेगाओहमच्या (दहा लाख ओहमच्या) वर राहिला पाहिजे, चांगल्या कॉईलचा त्याच्या कितीतरी पट असतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान उडतो, म्हणजे गळतीच्या वाटेचा रोध साधारण ८ ते १५ हजार ओहमपर्यंत उतरला की. हे आकडे तुम्ही प्रत्येक घरात वहीत लिहून घेतलेत आणि घरच्यांनाही दाखवलेत. आकडा समोर असला की "नवीनच घ्या" म्हणणं अवघड जातं.

त्यातून निघालेली गोष्ट अशी की आरसीसीबी उडवणाऱ्या गिझरांपैकी बऱ्याच कॉईल फुटलेल्या नव्हत्या, नुसत्या ओलावलेल्या होत्या. कॉईलच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते, आणि ती हवेतली ओल ओढून घेते. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. जून ते ऑगस्ट बंद राहिलेल्या फ्लॅटमध्ये टोकाच्या सीलमधून ओल आत शिरते. मग चाकरमानी गणपतीला येतात, गिझर लावतात आणि अख्ख्या घराचे दिवे जातात. अशा वेळी तुम्ही कॉईल बाहेर काढलीत, थर्मोस्टॅट आणि रबरी गॅस्केट उतरवलंत, ती शंभर-सव्वाशे अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवलीत, निवू दिलीत आणि पुन्हा मेगर लावलात. आकडा वर चढला तर ओल होती, कॉईल परत बसवायची. तिथेच घुटमळत राहिला तर नळीलाच चीर गेलेली, ती कॉईल भंगारात. आरसीसीबीला वळसा घालून "तात्पुरता" गिझर चालू करून देणारे लोक आहेत. त्यांना आपल्या बिल्डिंगच्या जिन्यावरसुद्धा येऊ देऊ नका, हे तुम्ही ज्या आवाजात सांगितलंत तो आवाज अजून लक्षात आहे.

एका घरी स्विच बंद असतानाही आरसीसीबी उडत होता. त्याचं कारण तुम्ही स्वयंपाकघरातल्या लहान मुलाला समजेल असं सांगितलंत: साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, तो अर्थिंगला कुठे चिकटला की घरातलं दुसरं काही चालू असताना आरसीसीबी उडणारच. म्हणून गिझरला १६ अँपिअरच्या प्लगऐवजी दोन्ही तारा तोडणारा २० अँपिअरचा डीपी स्विच, तोही बाथरूमच्या बाहेर. २ किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. एवढा करंट खाऱ्या हवेत प्लगच्या पिनांतून गेला की पितळेवर कळंक चढतो, स्पर्श सैल होतो, पिन तापते, तापल्याने आणखी सैल होते, आणि एक दिवस सॉकेट काळं पडतं. प्लगच काढून टाकला की ही साखळी सुरूच होत नाही. वायर २ किलोवॅटला अडीच चौरस मिमी, ३ ला चार. तारेच्या टोकांना कल्हई केलेली तांब्याची थिंबलं, म्हणजे टोप्या, नीट दाबून बसवलेली; नुसती तार पिळून स्क्रूखाली दाबलेली एकही जोडणी तुम्ही मागे ठेवली नाहीत.

आता पाण्याकडे. इथे तुम्ही आमच्या डोक्यातला एक गोंधळ साफ केलात. गिझरच्या देखभालीचा जो सल्ला कानावर येतो तो बहुतेक घाटावरचा असतो: क्षार धरतो, सायट्रिक ॲसिडने धुवा, वर्षातून दोनदा धुवा. बोअरचं कठीण पाणी पिणाऱ्या गावांत ते बरोबर आहे. आपल्याला शीळ धरणाचं पाणी येतं, ते हलकं. जांभ्या दगडातून झिरपणारं विहिरीचं पाणीही हलकंच, वर किंचित आम्लधर्मी. क्षाराचा थर फारसा बसत नाही, पण धातू खाल्ला जातो. घाटावर गिझर क्षाराने जातो, इथे गंजाने. त्यामुळे आपल्याकडे पहिलं लक्ष कॉईलवर नाही, ॲनोड रॉडवर द्यायचं.

हा रॉड मॅग्नेशियमचा, टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच आत टांगलेला. ग्लासलाइन्ड टाकीच्या आतल्या काचेला कुठे ना कुठे केसाएवढी भेग असतेच, तिथलं लोखंड वाचतं ते या रॉडमुळे. तो संपला की गंज टाकीवर येतो आणि मग वेल्डजवळ बारीक भोक पडतं. अशा भोकाला औषध नाही. बाहेरून वेल्डिंग केलं तर आतली काच तडकते आणि महिन्याभरात शेजारी दुसरं भोक. तुम्ही काढलेले काही रॉड तर पेन्सिलीच्या शिशाएवढे उरले होते, मधली लोखंडी तार उघडी पडलेली. नियम तुम्ही सांगितलात तो असा: वर्षातून एकदा बघायचा, जाडी निम्म्यावर आली की बदलायचा, तारेची वाट बघायची नाही. जुना रॉड दुकानात नेऊन लांबी आणि आटा जुळवून घ्यायचा. रॉडच्या स्टडवर, म्हणजे आट्याच्या टोकावर, टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. धातूला धातू लागला नाही तर रॉड नुसता लटकत राहतो, टाकी वाचवत नाही. गरम पाण्याला कुजक्या अंड्याचा वास यायला लागला तरी रॉड काढून फेकायचा नाही. पाण्यातले जंतू आणि मॅग्नेशियम मिळून तो वास तयार होतो. टाकी धुवायची, एकदा पूर्ण तापवायची, आणि तरी राहिला तर ॲल्युमिनियम-जस्ताचा रॉड लावायचा.

एप्रिल-मेची गोष्ट वेगळी. खाडीकाठच्या विहिरी तेव्हा मचूळ होतात, आणि टंचाईत तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत मिसळलं जातं. मिठाच्या पाण्यातून करंट सहज वाहतो, म्हणून रॉड भराभर झिजतो. ज्यांच्याकडे स्टेनलेसची टाकी आहे त्यांचं दुखणं आणखी वेगळं: ३०४ जातीच्या स्टेनलेसला मिठातलं क्लोराइड बारीक खड्डे पाडतं. थंड पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं असं साधारण धरतात; गरम पाण्यात ती मर्यादा आणखी खाली येते. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्लोराइडची इष्ट मर्यादा २५० आहे. म्हणजे जिभेला खारट न लागणारं पाणीही स्टेनलेसच्या टाकीला जड जाऊ शकतं. यावर तुमचा उपाय फिल्टरचा नव्हता, पायपाचा होता: विहिरीचं पाणी फक्त फ्लशला आणि बागेला, गिझरच्या लाईनला फक्त नगरपरिषदेचं. गच्चीवर दोन टाक्या होत्याच, मधला जोड तेवढा बंद करायचा होता. एवढ्या स्वस्तात एवढं मोठं काम झालेलं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

टाकी खोलायची रीतही लिहून ठेवतो, कारण तुमच्यामागे दुसरं कुणी आलं तर त्याच्याकडून हेच करून घ्यायचं आहे. मेन बंद, टेस्टरने खात्री. थंड पाण्याचा कॉक बंद. गरम नळ उघडला तरी टाकी रिकामी होत नाही, कारण गरम पाण्याची नळी टाकीच्या वरच्या टोकाला उघडते. पाणी काढायचं ते थंड बाजूने, गरम नळ हवा जायला उघडा ठेवून. फ्लँज, म्हणजे कॉईल धरणारं झाकण, उघडला की गॅस्केट नवीनच, जुनं "चांगलं दिसतंय" म्हणून परत बसवायचं नाही. नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळायचे, एका बाजूने ओळीने नाही. नंतर पाणी सोडायचं, गरम नळातून अखंड धार येऊ द्यायची, आणि मगच वीज. कोरड्या टाकीत कॉईल चालू केली तर ती तिथल्या तिथे जळते, आणि ही नवीन कॉईल जळण्याची सगळ्यात नेहमीची पद्धत आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले की लोक घाबरतात. २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की साधारण एक पेलाभर, साडेतीनशे मिलिलिटर फुगतं. परत जायला वाट नसेल तर ते तिथूनच बाहेर पडणार. तापताना थेंब पडले तर ठीक. थंड असतानाही धार लागली तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा प्रेशर पंप जास्त लावलाय. ते तोंड बोळा कोंबून बंद केलेलं तुम्ही जिथे पाहिलंत, तिथे दुरुस्तीच्या आधी तुम्ही तोंड सोडलंत. बरोबरच केलंत.

काही ठिकाणी गिझर बदलावा लागलाच. फोमचं अस्तर ओलं लागलं की टाकी फुटलीय, तिथे वाद नाही. निवड तुम्ही अशी सुचवलीत: बाहेरचं आवरण प्लास्टिकचं, कारण पत्र्याचं आवरण खालच्या कडेने, जिथे निपल (नळ्या जोडायची तोंडं) बाहेर येतात, तिथून सडतं, आत ग्लासलाइन्ड टाकी आणि जाड रॉड, निपल पितळी. जाळीच्या लवचीक नळ्यांची तार आपल्याकडे तुटते आणि आतलं रबर फुगून फुटतं, म्हणून शक्य तिथे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाईप. थर्मोस्टॅट ५५ ते ६०. त्याहून वर नेलं तर वीज आणि टाकी दोन्हीचं नुकसान, ५० च्या खाली ठेवलं तर टाकीत जंतूंना उबदार घर.

भिंतीचं मात्र खास कौतुक. पाण्यासकट २५ लिटरचा गिझर ३५ किलोच्या पुढे जातो, आणि आपल्या जुन्या विंगची भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र, फुगणारा अँकर बोल्ट आवळला की आजूबाजूचा चिरा भुगा होतो, वरून गिलावा शाबूत दिसत राहतो. तुम्ही १० मिमीचे स्टेनलेस बोल्ट आरपार नेलेत आणि मागून पट्टी दिलीत. खाली फूटभर जागा सोडलीत, म्हणजे कॉईल आणि रॉड सरळ खाली ओढता येतील. गिझर उतरवल्याशिवाय रॉड निघतच नाही अशी बसवणी करणाऱ्याने स्वतः एकदा तरी रॉड बदलून बघावा.

शेवटचे आभार अर्थिंगचे. जांभ्याच्या कातळात मे महिन्यात ओल राहत नाही, आणि अर्थिंगसाठी पुरलेल्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाईपच्या डोक्यावरची पट्टी खाऱ्या हवेने सडते. तुमचं गणित आम्ही मीटर बॉक्सच्या दारावर चिकटवलंय: अर्थिंगचा रोध १०० ओहम असेल तर फेज अंगावर आलेल्या गिझरातून २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला पडणारा स्विच, ढिम्म हलणार नाही आणि गिझरचं अंग जिवंत राहील. आरसीसीबी मात्र उडेल. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही हवेत, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. ते बटण फक्त यंत्र तपासतं, अर्थिंग नाही, हेही दारावर लिहिलंय.

सी विंगच्या दोन घरांत बाथरूमच्या आत गॅस गिझर आहेत. कार्बन मोनॉक्साइडचं तुम्ही बोललात, ते दोघांनाही पटलंय. ते बाहेर काढून खिडकीबाहेरच्या गॅलरीत हलवायचे आहेत. गणपतीच्या आधी पंधरा दिवस यायला जमलं तर बंद फ्लॅटच्या चाव्या समितीकडे जमा करून ठेवतो. येताना दोन लांबीचे रॉड आणि थोडी जास्त गॅस्केट घेऊन या. इथल्या दुकानात ती तेव्हा मिळत नाहीत.

आपले,
देखभाल समितीचे सभासद