मीटबॉल्सचं विचारलंस म्हणून

पिल्लू,

काल फोनवर तू घाईत होतीस, मागे तुमच्या कॉरिडॉरच्या किचनमधे कुणीतरी भांडी आपटत होतं आणि तू म्हणालीस बाबा पटकन सांग ना मीटबॉल्स कसे करतोस, शुक्रवारी आठ जण जेवायला येतायत. पटकन सांगायचं काम नाहीये गं हे. म्हणून रात्री निवांत लिहायला बसलोय, व्हॉट्सअॅपवर तुकडे तुकडे पाठवले असते तर तू अर्धेच वाचले असतेस.

तुला आठवत नसेल, तू चार वर्षांची होतीस, आपल्याला स्वीडनमधे, वेस्तेरोसला येऊन सहा महिने पण झाले नव्हते आणि शाळेत काय जेवलीस विचारलं की तुझं एकच उत्तर, शॉतबुल्लार, म्हणजे इथले मीटबॉल्स. घरी वरणभात नको, पोळी नको. एका शनिवारी मी म्हटलं चला आपणच करू, त्यात काय, खिम्याचे गोळे तर आहेत. आलं-लसूण वाटलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, गरम मसाला, घरभर असला वास सुटला की मीच माझ्यावर खूश. तू एक घास खाल्लास, ताट सरकवलंस आणि म्हणालीस, "बाबा, हे कोफ्ते आहेत." आई अजून त्यावर हसते.

मग खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं तर त्यांनी मला सरळ त्यांच्याच किचनमधे उभं केलं. दोन तास. माझा हात जरा कुठे मसाल्याच्या कप्प्याकडे गेला की म्हणायच्या "नेय नेय", नाही नाही. मीठ, पांढरी मिरी आणि ऑलस्पाइस, बास. ऑलस्पाइस म्हणजे आपल्यासारखा मिक्स मसाला नाही बरं का, एकाच झाडाचं फळ आहे ते, वास मात्र लवंग, दालचिनी, जायफळ सगळ्यांचा एकदम येतो. मीही आधी तो मिक्स समजूनच भरपूर ओतणार होतो.

तर आता खिमा. इथले लोक अर्धं बीफ अर्धं पोर्क घेतात, दुकानात तयार मिक्स मिळतं, पण आपल्या घरात बीफ आणत नाही, साताऱ्याच्या आजीला शब्द दिलाय. म्हणून ऑक्टोबरात शिकार सुरू झाली की खालच्या आजींचा मुलगा मूसचा, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचा, खिमा आणून देतो तो आणि पोर्क असं मी अर्धंअर्धं करतो, कारण मूसमधे चरबी अगदी कमी, नुसता घेतला तर गोळे कोरडे ठक्क होतात. साताऱ्याची आजी इथे आली होती तेव्हा तिने मूसचा फोटो नीट निरखून विचारलं होतं, हा कुठल्या देवाचं वाहन नाही ना? नाही म्हटल्यावर चार खाल्ले. तुला तिकडे उमेओत मूस मिळाला तर घे, नाहीतर नुसतं पोर्क पण चालेल.

चार जणांचं प्रमाण देतो, तू डबल कर. अर्धा किलो खिम्याला एक डेसिलिटर (100 मिली) ब्रेडचा चुरा आणि दीड डेसिलिटर दूध, दूध अर्धं आणि क्रीम अर्धं केलंस तर अजून भारी. चुरा दुधात भिजवून दहा मिनिटं विसरून जायचं, आणि ही दहा मिनिटं तू नक्की खाणार म्हणून दोनदा सांगतोय, चुरा नीट फुगला नाही तर गोळे मऊ होत नाहीत. तोवर एक कांदा अगदी बारीक चिरून बटरमधे परतायचा, लाल नाही करायचा, नुसता काचेसारखा. गार झाला की सगळं एकत्र, एक अंडं, एक छोटा चमचा मीठ, पांढरी मिरी आणि ऑलस्पाइस प्रत्येकी पाव चमचा. कणकेसारखं तिंबत बसू नकोस, पण खिमा चिकट लागायला लागेपर्यंत कालव.

मग एकच छोटा गोळा तळून खाऊन बघ. मीठ कमीजास्त करायची ही एकच संधी.

हात गार पाण्यात बुडवून अक्रोडाएवढे गोळे वळायचे आणि ओल्या पाटावर ठेवायचे, म्हणजे चिकटत नाहीत. बिडाचा पॅन तापव, बटर टाक, त्याचा फेस बसायला लागला की एका वेळी दहाबारा सोड, जास्त नाही. उलथन्याने ढोसत बसायचं नाही, पॅनच धरून गोल हलवायचा, गोळे आपोआप गडगडत सगळीकडून तांबूस होतात आणि गोल राहतात (सुरुवातीला माझे चौकोनी व्हायचे). एक फोडून बघ, आत गुलाबी दिसला तर अजून ठेव, पोर्क आहे. आणि हे आजींचं खरं गुपित, दर खेपेनंतर पॅनमधे थोडं पाणी ओतून तळाचं खरवडायचं आणि ते तपकिरी पाणी एका वाटीत जपून ठेवायचं. पुढच्या खेपेला बटर जळत नाही आणि वाटीत तुझी ग्रेव्ही जमत जाते.

ग्रेव्हीला दोन मोठे चमचे बटर, दोन मैदा, जरा परतून ते वाटीतलं पाणी आणि स्टॉक मिळून तीन डेसिलिटर हळूहळू घालायचं, गुठळ्या होऊ देऊ नकोस, मग दोन डेसिलिटर क्रीम, ते 40 टक्केवालं, डाएटचं नको. एक चमचा सोया सॉस रंगाला, आणि अर्धा चमचा लिंगोनचा, म्हणजे इथल्या जंगलातल्या आंबट लाल बोरांचा, जॅम. मीठ शेवटी चाखून, स्टॉक आणि सोया दोन्ही खारट असतात.

सोबत उकडलेले बटाटे, लिंगोन आणि काकडी. काकडी पातळ कापून मीठ लावून वजनाखाली ठेवायची, मग एक भाग एत्तिका (इथलं कडक व्हिनेगर), दोन भाग साखर, तीन भाग पाणी. एत्तिका हे आपलं साधं व्हिनेगर नाही हे मी पहिल्यांदा विसरलो, नुसतंच ओतलं, ठसका लागून आईच्या डोळ्यातनं पाणी. बाटलीवर 12 टक्के लिहिलंय ना बघून घे, 24 ची पण येते. वेस्तेरोसला लोक काकडीचं शहर म्हणतात, तिथून आलेल्या मुलीची काकडी बिघडली तर बरं दिसत नाही.

लिंगोन मी पाठवतोय, सप्टेंबरात आपण जंगलात वेचलेलेच, साखरेत कच्चेच कालवलेत. त्यांच्यातच मुळात बेन्झोइक अॅसिड असतं त्यामुळे टिकतात. साताऱ्याच्या आजीला ते मटणाबरोबर साखरांबा खाल्ल्यासारखं वाटलं होतं आणि तिने मला चुकवून ठेचा घेतला होता, मी बघितलं पण बोललो नाही.

जेवताना कुणीतरी म्हणेलच की हे मूळचं तुर्की, 2018 मधे स्वीडनच्या अधिकृत ट्विटर अकाउंटवरूनच तसं लिहिलं होतं, की बारावा कार्ल राजा तिकडून रेसिपी घेऊन आला. राजा 1709 ला रशियाविरुद्धची पोल्टावाची लढाई हरून तुर्कांच्या आश्रयाला गेला आणि 1714 ला तिथून निघाला इथपर्यंत खरं, पण गोळे त्याच्या सामानात होते याला पुरावा काही नाही. कायसा वार्गबाईंच्या 1755 च्या पाकपुस्तकात मात्र रेसिपी आहे. त्यापुढे वाद घालू नकोस, ग्रेव्ही गार होते.

पॅन साबणाने घासू नकोस. फोटो पाठव.

तुझा,
बाबा

ता.क. पार्सलमधे ऑलस्पाइसची डबी आहे. तिच्या शेजारी आईने मला न सांगता गोडा मसाला पण ठेवलाय. तो यात नाही घालायचा.