जिजीचे चार सेकंद

अमळनेर,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय नंद्या,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे बरे आहेत. दादांचा गुडघा होता तसाच, माझी शुगर आटोक्यात. जिजीच्या दहाव्याला भेटलो, त्यानंतर दोन वर्षं मी तुला धड एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसलो की हात आखडायचा. आज मात्र लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणारही नाही.

झालं असं की सोन्याने सुट्टीत माळा उपसला आणि आपला त्या गाणी वाजवायच्या गेमचा प्लास्टिकचा ड्रमसेट खाली काढला. लाल पॅडला अजून तुझी चिकटपट्टी आहे. तुझा एक्सबॉक्सही तिथेच निघाला, पण उंदरांनी त्याची वायर कुरतडून टाकली आहे. सोन्याकडे सेकंडहँड पीएसथ्री आहे, मोकळा केलेला, म्हणजे आपण बनवलेली गाणीही घेणारा. म्हणाला, "मामा, तुमची गाणी यावर लावा ना." आपला ड्रम काही त्यावर चालत नाही, तिकडचा ड्रम यूएसबी डोंगलने जोडावा लागतो. तो त्याने जळगावहून कुणाकडून तरी आणला. गाणी मात्र मी बदलून देतो म्हणालो. हार्ड डिस्क माझ्याकडेच होती.

पहिली सहा गाणी दोन संध्याकाळींत झाली. तुला आठवतं ना, एक्सबॉक्सच्या गाण्याची कॉन फाइल फोडली की आत काय काय निघायचं? डीटीएत गाण्याचं नावगाव, मिडमध्ये कुठला रंग कधी यायचा, मॉगमध्ये आवाज, मिलोमध्ये गाणाऱ्याच्या ओठांची हालचाल, आणि कव्हरचं चित्र. पीएसथ्रीसाठी मिडला कुलूप घालून ईडॅट करावं लागतं. चित्राचे बाइट जोडीजोडीने उलटे करावे लागतात, नाहीतर कव्हरच्या जागी नुसता रंगीत चिखल दिसतो. गाण्याचा आयडी निव्वळ आकड्यांचा हवा. तू मात्र सगळ्या आयडींमध्ये 'भरीत' घालून ठेवलं होतंस! एकेक बदलत बसलो आणि हसत बसलो. (आणि भरितात मिरची भाजूनच घालायची. बारा वर्षं झाली तरी माझं म्हणणं तेच आहे.)

सातवं गाणं जिजीचं. आखाजीचं.

त्याची शेवटची कॉन फाइल अर्धीच कॉपी झालेली निघाली. म्हणून प्रोजेक्टच्या फोल्डरमधून पुन्हा बांधायला घेतली. आवाजाची फाइल माझ्या फोल्डरमधली घेतली. मिड दोन होत्या, नाव एकच. तुझी जड होती, म्हणजे तीच शेवटची असं धरून ती उचलली. मॅग्मा या गाणी बांधायच्या प्रोग्राममधून काढली, पीएसथ्रीची केली, एफटीपीने त्याच्या यूएसआरडीआयआर फोल्डरमध्ये टाकली आणि सोन्या वाजवायला बसला. पहिल्या ओळीला बरोबर. पहिल्या कडव्याच्या शेवटी बोटभर मागेपुढे. मला वाटलं टीव्हीचा दोष असेल. आपला डबा टीव्ही जिथल्या तिथे दाखवायचा, या एलईडीला चित्र उशिरा येतं. कॅलिब्रेशन केलं. पण टीव्हीचा उशीर असता तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहिला असता ना भो. हा वाढत होता. आणि दुसऱ्या कडव्यापाशी तर जिजी गातेय आणि पडद्यावर रंग यायचा रस्ता रिकामा! एक ठोका नाही. मग ती पुढे निघून गेल्यावर मागाहून सगळे रंग यायला लागले. सोन्या काठ्या खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला.

मी काय बोलणार? मला त्याच क्षणी कळलं होतं.

नंद्या, आपलं ते भांडण आठव. प्रोजेक्ट तसाच पडून, तू आणि मी आठ दिवस बोललो नव्हतो, बापू मधल्यामध्ये निरोप नेत होता. मी म्हणत होतो, गाणं ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांना, बांधून टाकू, ग्रिडवर सरळ बसेल. तू म्हणत होतास, जिजी झोक्यावर बसून गातेय, तिचा ताल झोका धरतोय, तिला ग्रिडवर बसवशील तर झोका कुठे जाईल? तू तर दोरही मोजला होतास. निंबाच्या फांदीपासून तेरा फूट, म्हणजे चार मीटरच्या आसपास, एक हेलकावा चार सेकंदांचा. बीएस्सीच्या लंबकाचं सूत्र तू आयुष्यात तेवढ्या एकाच कामाला वापरलंस. ९० बीपीएमला दादऱ्याच्या सहा मात्रा बरोबर चार सेकंदांत बसतात, हेही तूच दाखवलंस. आणि झोका मोठा झाला की वेळ किंचित वाढतो, म्हणून मधल्या कडव्यात ती ८६ पर्यंत उतरते. तू प्रत्येक आवर्तनाला टेम्पोची खूण मारत बसला होतास. मी त्याला येडपणा म्हणालो होतो.

तुझी मिड जड होती ती त्या खुणांनी.

तू भुसावळला परीक्षेला गेलास, त्या दोन दिवसांत मी जिजीचा आवाज ताणून-आवळून ९० वर बसवला. तेवढंच केलं नाही. दुसऱ्या कडव्याआधी ती मध्येच थांबली होती, ती जागा मी कापून टाकली. मला ती रेकॉर्डिंगमधली घाण वाटली. तू परत आल्यावर विचारलंस, "इथे काहीतरी होतं ना रे?" मी म्हणालो, मोबाइलवर कुणाचा फोन आला असेल, तिथे तुटलंय. तू मान हलवलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस.

मूळ फाइल मी पुसली नव्हती. 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये होती. परवा रात्री सोन्या झोपल्यावर हेडफोन लावून ऐकली. कावळे, चुलत्यांच्या गच्चीवरचा पत्रा, दोराची करकर, बापूने डब्यावर धरलेला ठेका. पहिलं कडवं संपतं. दोराची करकर चालूच. आणि जिजी गाता गाता थांबते आणि मोठ्याने म्हणते:

"नंद्या रे, दूध उतू जाई ऱ्हायनं, गॅस बंद कर!"

मग मागे चप्पल फरफटल्याचा आवाज येतो, तो तूच असशील. भांड्यावर काहीतरी आपटतं. जिजी हसते, थोडंसंच, नाकातून. आणि दुसरं कडवं सुरू करते, बरोबर समेवर. मी मोजलं. पुन्हा पुन्हा मोजलं. ती थांबली तो एक पूर्ण हेलकावा आहे. बोललीसुद्धा तालात. तू तिथे मिडमध्ये दोन विभाग रिकामे सोडलेस, तीन-तीन मात्रांचे, आणि टेम्पो चालू ठेवलास. तुझी मिड मूळ आवाजाखाली लावली तर शेवटच्या ठोक्यापर्यंत केसभर फरक पडत नाही.

नंद्या, ती गेली त्या आठवड्यात तू ग्रुपवर विचारलं होतंस, जिजीचा बोलतानाचा आवाज कुणाकडे आहे का. गाण्याचे सगळ्यांकडे होते, कानबाईचे, आखाजीचे, लग्नातले. बोलतानाचा कुणाकडे नव्हता. मी लिहिलं, "नाही रे." खोटं बोललो नाही, मला खरंच आठवलं नव्हतं. पण तो माझ्याच डिस्कमध्ये होता, आणि तुझं नाव घेऊन होता, आणि मीच तो कापला होता. दहाव्याला तुझ्याशेजारी बसलो तेव्हाही तो माझ्याच घरी पडून होता. हे दोन दिवस माझ्या गळ्यात अडकून बसलंय. माफ कर म्हणायचं तर कशाकशाबद्दल म्हणू, ते कळत नाही. कापल्याबद्दल म्हणतो, आणि फोन आला असेल म्हणालो त्याबद्दल तर नक्कीच.

तुझं प्रमोशन झालं असं बापूकडून कळलं, फार आनंद झाला. पोरीचे पुढचे दात आले का? वहिनींना माझा नमस्कार सांग. पुण्यातल्या शेवभाजीबद्दल तू जे लिहिलं होतंस ते इथे सगळ्यांना वाचून दाखवलं, माय दहा मिनिटं हसत होती.

बापूलाही मी अजून सांगितलेलं नाही. आधी तू ऐकावंस. मला ती फाइल व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, दाबून दाबून तिचा पापड होईल. मूळ डब्ल्यूएव्ही पेनड्राइव्हवर घेतली आहे, तुझ्या मिडसकट, आणि उद्या कुरिअर करतो. एक प्रत इथे दुसऱ्या डिस्कवर ठेवली. माझी ९० वाली तशीच आहे. ती ठेवायची की टाकायची ते तू सांग, मी आपल्या मनाने आता काही पुसणार नाही.

गेममध्ये काल रात्री तुझीच बसवली. बापूचा 'धुम' पायावर, मिडमधल्या ९६ च्या नोटवर, आणि 'तिन' लाल पॅडवर, ९७ वर, तू लावलं होतंस तसंच. सोन्याने वाजवलं. त्या जागी रस्ता रिकामा झाला, जिजी बोलली, आणि पोरगा काठ्या हवेत धरून तसाच बसला. मग विचारतो कसा, "मामा, नंदूमामांनी गॅस बंद केला का?"

त्याला काय सांगू ते कळव.

तुझाच,
दिनू

ता.क. पेनड्राइव्ह मिळाला की आधी घरात एकटा असताना ऐक. आणि मग फोन कर, कितीही वाजलेले असोत.