त्या रुग्णाशी मला बोलू दिलंत म्हणून

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुम्हाला एकटीलाही पाठवता आलं असतं. पण वाघोलीच्या दगडखाणींपासून तळकोकणातल्या चिरेखाणींपर्यंत कुठेतरी वाढलेली, विज्ञान शाखेत शिकणारी मुलं-मुली ते वाचतील या आशेने उघडपणे लिहिते आहे.

एमबीबीएसला असताना कम्युनिटी मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये दम लागणारे एक काका आले होते. केसपेपरवर टीबीचे उपचार दुसऱ्यांदा चालू असल्याची नोंद, आणि व्यवसायापुढे 'मजुरी' एवढंच. त्यांना मराठी नीट बोलता येत नव्हतं. मी वडारी, म्हणजे दगडफोडी करणाऱ्या वडार समाजाची बोली, बोलते हे मी वर्गात कोणाला कळू दिलं नव्हतं, पण त्या दिवशी राहवलं नाही. विचारलं तेव्हा कळलं, की काका कैक वर्षं खडी फोडणाऱ्या क्रशरवर होते. आधी ड्रिलवर, मग चाळणीखाली. तुम्ही एक्स-रे मागवून उजेडाला धरलात आणि फुप्फुसांच्या वरच्या भागातल्या बारीक गाठी सगळ्यांना दाखवल्यात. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने होणारा फुप्फुसाचा आजार. मग मला म्हणालात, "तू जे विचारलंस ते मला विचारता आलं नसतं."

त्या वाक्याचे आभार मानायचे राहून गेले आहेत. राखीव जागेवर आलेली मुलगी म्हणून बघणाऱ्या नजरांची मला सवय होती. घरून काही शिकून आलेली म्हणून माझ्याकडे बघणाऱ्या तुम्ही पहिल्या.

रुग्णाला त्याचं काम विचारा, हे रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने १७०० साली सांगून ठेवलंय, असं तुम्ही लेक्चरला शिकवलं होतंत. पण उत्तर समजायलाही हवं. 'भुकटी लई उडते' म्हणजे पाणी न मारता ड्रिलिंग चाललंय. 'तोंडाला फडकं बांधतो' म्हणजे संरक्षण शून्य, कारण फुप्फुसात खोल जाऊन बसणारा सिलिकाचा कण पाच मायक्रॉनहूनही बारीक असतो. आईचा पदर त्याला कुठला अडवणार!

या कामात करिअर करता येतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. एमबीबीएसनंतर सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत कामगारांच्या आरोग्याचा तीन महिन्यांचा एएफआयएच अभ्यासक्रम असतो, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांना असं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो, केमिस्ट्रीच्या मुलांना इंडस्ट्रियल हायजीनची, म्हणजे कामाच्या जागेवरची धूळ-वायू मोजून आटोक्यात ठेवण्याची, वाट आहे. आमच्या घरी यातलं काहीच कोणी ऐकलेलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "दगडातून बाहेर पडावी म्हणून शिकवली, आणि ही परत धुळीतच चालली." तुम्ही त्यांचं सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "अण्णा, तुम्हाला पहिल्यांदा दम लागला तेव्हा कोणी तपासलं?" अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जाऊ दे तिला."

मुलांना 'पुढे या' म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते तीन महिने मुंबईत राहायचं कुठे, हे मात्र तुम्हीच विचारलंत. सोय केलीत आणि पुन्हा तो विषयही काढला नाहीत.

आज मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, आहे. वाळूच्या साच्यातून कास्टिंग मोकळं करताना, घासताना तीच सिलिका उडते. एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी होतेच, पण माझा जास्त वेळ एक्झॉस्ट धूळ नीट ओढतोय का हे बघण्यात जातो. सिलिकोसिस एकदा झाला की बरा करणारं औषध नाही. कंत्राटी कामगारांची नावं तपासणीच्या यादीत आणण्यासाठी मला खूप भांडावं लागलं. भांडले.

खाणीवरच्या माणसाला मात्र ना हजेरीपत्रक, ना ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड. व्यवसायजन्य आजारांच्या यादीत सिलिकोसिस आहे, पण कागदच नसलेल्याला त्याचा काय उपयोग? राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिसचं, म्हणजे सिलिकोसिससारख्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांचं, धोरण आणलं, त्यात अशा कामगारांना प्रमाणपत्र आणि मदत मिळण्याची तरतूद आहे. आपल्याकडे तसं काही उभं करायचं तर एक्स-रे वाचता येणारी आणि कामगाराची बोली येणारी पुष्कळ माणसं लागतील. मी एकटी पुरणार नाही.

आमच्या वस्तीवरची एक मुलगी यंदा बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हवेतली धूळ मोजायचा पंप तिला दाखवला, तर तो कमरेला लावून दिवसभर फिरली. तिच्या घरच्यांशी मी बोलून आले आहे, राहायच्या सोयीचंही बघते आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला तुमच्याकडे पाठवते. तिला तुमच्या ओपीडीत बसू द्या.

तुमची विद्यार्थिनी