त्या कागदावर सही करू नका

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

काल बाबा फोनवर म्हणाले की फ्लॅटसाठी आपण दिलेल्या तीन लाखांपैकी एजंट दीड लाख परत करायला तयार आहे, मात्र ‘आमची काहीही तक्रार उरलेली नाही’ असे त्याला मुद्रांकावर लिहून हवे आहे. मी साताऱ्यास येईपर्यंत त्या कागदावर सही करू नये, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. निम्म्या रकमेवर आपण गप्प बसावे एवढाच त्या कागदाचा हेतू दिसतो.

मी महारेराच्या, म्हणजे राज्यातील गृहप्रकल्पांची नोंदणी व नियमन करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर शोध घेतला. त्याच्या कार्डावरचा एजंट म्हणून नोंदणी क्रमांक खरा आहे, परंतु ज्या प्रकल्पातील बेचाळीस लाखांचा फ्लॅट त्याने आपल्याला दाखवला, त्या प्रकल्पाची नोंदणीच नाही. लहान प्रकल्पांना नोंदणीतून सूट असते, पण चार इमारतींच्या प्रकल्पाला ती मिळेल असे वाटत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १० नुसार नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील सदनिका एजंटाने विकायला मदत करणे हाच नियमभंग आहे. त्यामुळे ‘रेरा नंबर आठवड्याभरात येतोय’ हे त्याचे वाक्य, जे बाबांच्या व्हॉट्सॲपवर अजून आहे, त्याच्याच विरुद्ध जाते. बाबा, दर रविवारी जुने संदेश पुसण्याची आपली सवय तूर्त थांबवावी. धनादेशाचे अर्धुक, पासबुकातील नोंद आणि माहितीपत्रक आईने निळ्या फायलीत ठेवावे. संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते मी तयार करून घेईन.

महारेराकडे पाच हजार रुपये शुल्क भरून ऑनलाइन तक्रार करता येते. कलम ६२ प्रमाणे अशा एजंटाला दिवसाला दहा हजार रुपये आणि एकूण सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपल्या बाबतीत दोन लाख दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हा दंड सरकारजमा होतो, आपल्या हाती येत नाही. कायद्यातली ही गोष्ट मला खटकते, पण ती आहे तशी धरूनच पुढचा विचार केला पाहिजे.

आपले पैसे, व्याज आणि झालेल्या मनस्तापाची भरपाई मागण्यासाठी मला जिल्हा ग्राहक आयोग अधिक उपयोगी वाटतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे बाबांना पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागणार नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. आपण पैसे गेल्या दिवाळीत दिले, म्हणून वेळ आहे, पण तो एजंटाच्या वायद्यांत घालवू नये. माहितीपत्रकावर बिल्डरचे नाव छापलेले असल्याने सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, म्हणून त्यालाही जोडावे असे मला वाटते, नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील. एजंटाच्या दंडासाठी रेराकडे गेलो म्हणून हा मार्ग बंद होत नाही, कारण कलम ८८ प्रमाणे रेरा हा इतर कायद्यांना पूरक आहे.

चौकीत ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे सांगून बाबांना परत पाठवले, हे ऐकून वाईट वाटले. पैसे घेताना मनात कपट होते हे दाखवता आले, तर भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ लागू होऊ शकते. तरीही मी तो मार्ग शेवटी ठेवीन, कारण फौजदारी खटल्यातून पैसे लवकर सुटत नाहीत.

एजंटाचा फोन आला तर ‘मुलगी शनिवारी येते आहे, तेव्हा बोलू’ एवढेच सांगावे. मी सकाळच्या एसटीने निघते आणि येताना नोटिशीचा मसुदा घेऊन येते.

आपली,
माई